परड्यातला कोळसा स्टॉलवर नेताना

खाद्यमहोत्सवात दोन दिवसांचा स्टॉल लावायचा तर काय काय करावं लागतं, हे गेल्या काही महिन्यांत इतक्या जणींनी विचारलंय की एकदाचं लिहूनच काढते. आमचा स्टॉल होता कोळशावर भाजलेल्या पदार्थांचा, १८ आणि १९ जानेवारी २०२५ ला, कोल्हापुरात. त्याआधी आमच्यापैकी कुणी पैसे घेऊन कुणाला वाटीभर आमटीसुद्धा विकली नव्हती. मी पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळं फॉर्म, झेरॉक्स, सही-शिक्का यांची भीती नव्हती. पण ‘अन्न परवाना’ हा शब्द ऐकल्यावर माझ्याही पोटात गोळा आलाच. तो उगाच होता. खरी पंचाईत भलतीकडंच झाली, ते पुढं येईल.

आधी मंडळी सांगते. कळंब्याकडं आमचं जुनं घर आहे आणि मागं बऱ्यापैकी परडं. रविवारी संध्याकाळी तिथं कोळसा पेटतो. फौंड्रीत उभी हयात गेलेले माझे थोरले दीर, त्यांना सगळेच अण्णा म्हणतात, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, जनावरांचे डॉक्टर, मी, आणि खुर्ची टाकून सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सासूबाई. आमचे हे शाकाहारी. ते कणसं भाजतात आणि बाकीच्यांच्या चिकनवर मत देतात.

कोळसा पेटवल्यापासून तो भाजण्याजोगा होईपर्यंत बराच वेळ जातो. वरून राखेचा पांढुरका थर आला पाहिजे, ज्वाळा बसल्या पाहिजेत, नुसती धग राहिली पाहिजे. तोवर करायचं काय? तर बोलायचं. आणि जे पेटवलंय त्याबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल. पाडव्याला सजवून बाहेर काढलेली म्हैस मालकाच्या मोटारसायकलमागं नेमकी का पळते, पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल मॅचला शाहू स्टेडियमवर कुठं बसलं की डोकं शाबूत राहतं, पांढऱ्या रश्श्यात खसखस किती, मिसळीबरोबर पाव की ब्रेड. डॉक्टरांना भाजकामातलं ओ की ठो कळत नाही, पण म्हशीवर ते तासभर बोलू शकतात आणि बोलतात. फक्त एका विषयाला बंदी आहे. सासूबाईंचा हुकूम : “इस्तवाजवळ राजकारण न्हाई. जाळ एकच बास झाला.”

२०२४ च्या नोव्हेंबरात ही बंदी फार जड गेली. विधानसभेचं मतदान २० तारखेला झालं, निकाल २३ ला लागला, आणि २४ च्या रविवारी परड्यात सगळे तोंड दाबून बसले. कोळसा तर पेटायचं नाव घेईना. तेव्हा मास्तरांनी खिशातून एक पत्रक काढलं. राजारामपुरीतल्या एका शाळेच्या मैदानावर महिला मंडळाचा खाद्यमहोत्सव, स्टॉलसाठी अर्ज मागवलेत.

“आम्ही काय विकायला बसणार व्हय?” अण्णा म्हणाले.

“तुमी नुसतं भाजा की,” सासूबाई म्हणाल्या. “विकायचं मी बघतो.”

झालं, ठरलं.

पत्रक घरी नीट वाचलं. दोन दिवसांचं भाडं ३,००० रुपये, अनामत १,०००. टेबल-खुर्च्या आपापल्या. अग्निशामक सिलिंडर सक्तीचा. आणि अन्न नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत ३१ डिसेंबरपर्यंत जमा, नाहीतर स्टॉल रद्द आणि भाडं परत नाही. माझा सल्ला, भाडं भरायच्या आधी ही शेवटची ओळ दोनदा वाचा. आमच्या ओळखीतल्या एकीनं आधी पैसे भरले आणि नोंदणीचं नंतर बघू म्हणाली. तिचे पैसे गेले.

कागदांच्या आधी ग्रिलचं सांगते, कारण ते काम आधी सुरू झालं. घरची शेगडी पाच माणसांपुरती. स्टॉलवर ती टिकणार नव्हती. बाजारातलं तयार ग्रिल बघितलं तर किमती ऐकूनच मास्तर दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. अण्णा म्हणाले, उद्यमनगर कशाला आहे मग? (उद्यमनगर म्हणजे कोल्हापुरातली वर्कशॉपची वसाहत.) दोनशे लिटरचं बॅरल आडवं धरून लांबीच्या दिशेनं मधोमध कापायचं, अर्ध्यात कोळसा, अर्ध्याचं झाकण, खाली पाय.

बॅरलबद्दल अण्णांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं देते, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. आत पूर्वी काय भरलेलं होतं ते कळल्याशिवाय बॅरल घ्यायचं नाही. केमिकलचं असेल तर फुकट दिलं तरी नको. आम्ही खाद्यतेलाचं घेतलं. बंद बॅरलला थेट गॅस कटर लावायचा नाही. आत तेलाची वाफ कोंडलेली असली तर स्फोट होतो. आधी दोन्ही बुचं उघडून धुऊन घ्यायचं, कापणाऱ्याला तसं सांगायचं. आणि जाळीसाठी जस्ताचा मुलामा दिलेली तार अजिबात नको. जस्त तापलं की त्याचा धूर बाधतो, थंडीताप भरतो. फौंड्रीत हे सगळ्यांना माहीत असतं, घराघरांत नसतं. आम्ही स्टेनलेस स्टीलच्या सळ्या लावून घेतल्या. बॅरल ९००, सळ्या २,२००, कापणं-वेल्डिंगची मजुरी १,८००, बिजागऱ्या, पाय आणि हँडल मिळून ७००. एकूण ५,६००. घरी आणल्यावर आत लाकडं पेटवून जुना रंग जाळून काढला आणि नंतर तेल लावून पुन्हा तापवलं. तो दिवस कपडे वाळत घालायचा नव्हता, हे शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं.

वेल्डिंग चालू असताना तिथं बाकड्यावर बसून मास्तरांनी माहिती पुरवली की झाकणाचं गोल ग्रिल असंच जन्माला आलंय. १९५२ साली शिकागोत वेबर ब्रदर्स नावाच्या धातुकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस होता. तिथं पाण्यावर तरंगणारे बोये तयार व्हायचे. वाऱ्यानं आणि भडक्यानं त्याचं मांस करपायचं, म्हणून त्यानं एक बोया अर्धा कापला, खाली तीन पाय लावले, वरचा अर्धा झाकण म्हणून ठेवला.

“म्हणजे तोबी उद्यमनगरातलाच,” वेल्डर म्हणाला.

अण्णा मात्र सालावर अडकले. “१९५२ म्हणजे खाशाबांचं साल की.” आणि मग ग्रिल राहिलं बाजूला. खाशाबा जाधवांनी त्याच वर्षी हेलसिंकीत कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकून सात हजार उभे केले होते. माझा जीव पतसंस्थेत असल्यामुळं मी विचारलं, त्या काळी सात हजाराला किती घर तारण लागत असेल? त्यावर अण्णा, मास्तर, वेल्डर आणि बाजूच्या लेथवरचे दोघं अशी चर्चा लागली की आमचा चौथा पाय इंचभर आखूड बसला. खाली फरशीचा तुकडा सारून तो अजून चालतोय.

आता नोंदणी. हा भाग नीट वाचा.

केंद्राच्या अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचं, म्हणजे एफएसएसएआयचं, ‘फॉसकॉस’ नावाचं संकेतस्थळ आहे. महाराष्ट्रात अर्ज बघतं ते राज्याचं अन्न व औषध प्रशासन. मी अर्ज केला तेव्हा, म्हणजे २०२४ मध्ये, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरायची, आणि नियमांत तात्पुरता स्टॉल लावणारा या छोट्या गटात धरलेला होता. फॉर्म ‘अ’ भरायचा. फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. एक ते पाच वर्षांपर्यंत मुदत निवडता यायची. मी एकच वर्ष निवडलं. पुढच्या वर्षी एवढा उत्साह टिकेल याची मला खात्री नव्हती.

एका एजंटनं याच कामाचे २,००० सांगितले होते. “मॅडम, लई किचकट असतंय ते.” किचकट नाही, कंटाळवाणं आहे. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा, मुख्य कागद एवढेच. स्वयंपाक कुठं करणार, पाणी कुठलं, व्यवसायाचा प्रकार कुठला, हे भरायचं. प्रकार निवडताना घाई करू नका; हॉटेल, केटरर, फिरता विक्रेता असे बरेच पर्याय समोर येतात आणि उगाच भारदस्त वाटणारा निवडला तर भलतीच कागदपत्रं मागितली जातात. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, एजंटचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढचं सगळं त्यावर येतं.

४ डिसेंबरला, बुधवारी, मी अर्ज भरला आणि पैसे ऑनलाइन गेले. नियम असा की अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत नोंदणी द्यायची, किंवा कारण देऊन नाकारायची, किंवा तपासणीची नोटीस काढायची. सात दिवस मी दर संध्याकाळी लॉगिन करून बघत होते. घरात टिंगल सुरू झाली. आमचे हे विचारायचे, “लागला का निकाल?” आणि सासूबाई आतून ओरडायच्या, “राजकारण न्हाई!”

१० तारखेला अर्ज परत आलेला दिसला. फोन नाही, काही नाही. संकेतस्थळावर एका ओळीत शेरा : जागेचा पुरावा अर्जदाराच्या नावे नाही. आमचं लाइट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर येतं आणि ते जाऊन वर्षं झाली. कोल्हापुरात निम्म्या घरांत हीच परिस्थिती असणार, म्हणून उपाय सांगते. घरफाळ्याची पावती सासूबाईंच्या नावावर होती. ती जोडली, आणि ‘माझ्या मालकीच्या घरात माझ्या सुनेस खाद्यपदार्थ तयार करण्यास माझी हरकत नाही’ असं संमतीपत्र साध्या कागदावर त्यांच्या सहीनं दिलं. सही करायच्या आधी सासूबाईंनी ते पत्र चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाल्या, “हरकत न्हाई असं लिवलंयस, पर माझी हरकत हाय. सांडगी मिरची भाजायची न्हाई. मागच्या खेपेला आळी खोकत हुती.”

अट तोंडी ठेवली, सही घेतली.

कागद पुन्हा चढवल्यावर मी एकदा कार्यालयात जाऊनही विचारून आले. जायलाच पाहिजे असं नाही, पण माझा स्वभाव. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. एक, प्रमाणपत्र स्टॉलवर दिसेल असं लावायचं, पिशवीत ठेवून उपयोग नाही. दुसरं, नियमावलीतल्या शेड्यूल ४ चा पहिला भाग वाचून काढा, तो खास छोट्या विक्रेत्यांसाठीच आहे. मी वाचला. पिण्यायोग्य पाणी, झाकणाचा कचऱ्याचा डबा, स्वच्छ भांडी, हात धुण्याची सोय, आजारी माणसानं अन्न हाताळायचं नाही, अशा गोष्टी. शहाण्या घरात पाळतोच आपण. फरक इतकाच की स्टॉलवर नळ नसतो. वीस लिटरचा तोटीचा कॅन आणि साबण वेगळा न्यावा लागतो.

१९ डिसेंबरला प्रमाणपत्र आलं. पीडीएफ उतरवून घेतली. चौदा आकडी नंबर असतो : नोंदणीचा २ पासून सुरू होतो, परवान्याचा १ पासून, आणि पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. मास्तरांनी हे बघून लगेच बाहेरच्या पाकिटांवरचे नंबर वाचायचा छंद लावून घेतला आणि महिनाभर आम्हाला कुठला फरसाण कुठल्या राज्यातला ते सांगत राहिले. मी प्रत मंडळाकडं जमा करून पोच घेतली. पोच घ्याच. ३१ तारखेला ‘तुमचं आलेलं नाही’ असा फोन मलाही आला होता. तारखेसकट शिक्का दाखवल्यावर विषय मिटला.

मंडळाशी अजून एक पत्रव्यवहार करावा लागला. सगळे स्टॉल तीन बाजूंनी कापड लावलेले आणि वर छत, असा आराखडा होता. गॅसवाल्यांना ठीक, कोळशाला नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि कोंडलेल्या जागेत माणूस नुसता पेंगल्यासारखा होऊन पडतो. आम्ही लेखी विनंती केली की शेवटचा कोपऱ्यातला स्टॉल द्या, मागची बाजू उघडी ठेवा, ग्रिल छताच्या बाहेर राहील. चार दिवसांत होकार आला, अट एकच, वाळूच्या दोन बादल्या ठेवा. आयएसआय मार्कचा दोन किलोचा पावडरचा सिलिंडर १,३०० ला घेतला होताच.

मग तालीम. कोळसा वखारीतून घेतला, ५५ रुपये किलो. बाभळीचा कोळसा चांगली धग देतो. पोत्याच्या तळाचा चुरा मात्र मोजून घालायला लागले तर नको म्हणा, चुरा हवा कोंडतो. पेटवायला रॉकेल-पेट्रोल अजिबात नाही, वास खाण्याला लागतो आणि भडक्याचा धोका वेगळाच. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्यायचा, वरखाली कापून काढायचा, मध्ये चार सळ्या आरपार घालायच्या, खालच्या बाजूला भोकं पाडायची. सळ्यांवर कोळसा, खाली चुरगाळलेला पेपर. पेपर पेटवला की हवा खालून वर ओढली जाते आणि वीस-पंचवीस मिनिटांत सगळा कोळसा एकसारखा फुलतो. फुंकणी नको, सूप नको. बॅरलमध्ये निखारे सगळीकडं पसरायचे नाहीत. एका बाजूला ढीग, दुसरी बाजू जवळजवळ रिकामी. चिकनला आधी ढिगावर रंग आणायचा, मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण टाकायचं. चरबी टपकून भडका उठला तरी पाणी मारायचं नाही, झाकण बंद करायचं. हवा तुटली की भडका बसतो.

चिकन आतून शिजलंय की नाही यावर घरात सुई टोचून रस बघायची पद्धत. स्टॉलवर ते अंदाजपंचे चालणार नव्हतं. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं पाहिजे, हाडाजवळ नाही, मांसाच्या जाड भागात. डॉक्टर म्हणाले, थर्मामीटर मी आणतो.

सगळे एकदम गप्प झाले.

“नवा आणा,” सासूबाई म्हणाल्या. “म्हशीचा नको.”

डॉक्टरांनी पुढच्या रविवारी पाकीटबंद थर्मामीटर आणला, सगळ्यांसमोर पाकीट फोडलं, पावती दाखवली. तरीही ते तो टोचायला लागले की कुणीतरी विचारायचंच, “ताप हाय काय?” स्टॉलवर हा प्रश्न विचारायचा नाही असा ठराव करावा लागला. तो पाळला गेला नाही.

मेनू वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, ठरवला आणि तो हुशारीनं ठरवला. शनिवारी आपल्याकडं बरेच लोक मांसाहार करत नाहीत. म्हणून शनिवारी पनीर, कणसं, रताळी आणि अननस, चिकन नावापुरतं. रविवारी उलट. चिकनला दही, आलं-लसूण, लिंबू आणि घरची कांदा-लसूण चटणी. अननसाच्या फोडींना गुळाचा पाक. तो शेवटच्या दोन मिनिटांतच लावायचा, आधी लावला तर गूळ काळा पडून कडू होतो. सासूबाईंना अननस भाजणं हा प्रकार आधी अजिबात पटला नव्हता. मग एक फोड खाल्ली. “मी आनी एक खातो,” म्हणाल्या.

१८ ची संध्याकाळ. पाचला दारं उघडणार होती, आम्ही तीनलाच निखारे करायला घेतले. माझ्या वहीत सगळं लिहिलेलं होतं : कोण भाजणार, कोण बांधणार, कोण पैसे घेणार. डॉक्टरांना काम नव्हतं, त्यांना मी मागं खुर्चीवर बसवलं. कच्च्याचं ताट लाल, शिजलेल्याचं निळं, चिमटेही वेगळे. प्रमाणपत्र पुढं टांगलेलं. सहाच्या सुमाराला अन्न खात्याचे एक अधिकारी सगळ्या स्टॉलवरून फिरले. आमच्याकडं प्रमाणपत्रावर नजर टाकली, पाणी कुठलं विचारलं, झाकणाचा डबा उघडून बघितला आणि गेले. ज्याच्यासाठी महिनाभर पोटात गोळा होता ते दोन मिनिटांत उरकलं.

पंचाईत गिऱ्हाइकांची झाली. शेजारच्या स्टॉलवर तव्यावर दोन मिनिटांत डोसा उतरत होता. आमचं पनीर सात-आठ मिनिटं घेत होतं, गर्दीत त्याहून जास्त. लोक यायचे, वास घ्यायचे, “किती वेळ?” विचारायचे, आणि “फिरून येतो” म्हणून जायचे. फिरून येणारे थोडेच. अण्णा आणि मी घाम गाळत मान खाली घालून भाजत होतो, एक शब्द कुणी बोलत नव्हतं. रात्री आवरताना अण्णा म्हणाले, “ह्याच्यापेक्षा फौंड्रीत जास्त गप्पा हुत्या.” पनीर बऱ्यापैकी उरलं. बर्फावर नीट होतं म्हणून दुसऱ्या दिवशी चाललं. नसतं तर फेकायचं, घरी आणून मुलांना घालायचं नाही.

रविवारी सकाळी वहिनी म्हणाल्या, डॉक्टरांना पुढं बसवा.

एवढंच बदललं. खुर्ची मागून काढून ग्रिलच्या पुढं, रांगेच्या तोंडाशी ठेवली. पहिल्याच गिऱ्हाइकानं किती वेळ लागेल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, “बसा की, दहा मिनिटं. कुठल्या पेठेतले तुम्ही?” कोल्हापुरात हा प्रश्न विचारल्यावर दहा मिनिटं पुरत नाहीत. शिवाजी पेठेतले निघाले. मग फुटबॉल आला. मागचे मंगळवार पेठेतले होते, त्यांना ऐकून घेणं शक्य नव्हतं. मास्तरांनी मध्येच १९५२ काढलं, ग्रिलवर हात ठेवून खाशाबांपर्यंत पोचले, आणि रांगेतल्या एका आजोबांनी त्यांना थांबवून सांगितलं की १९४८ चं लंडन विसरू नका, तेव्हा खाशाबा सहावे आले होते आणि त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. मास्तर चाळीस वर्षांनी विद्यार्थी झाले. आजोबांना प्लेट मिळाली तरी ते हलले नाहीत, तिथंच उभं राहून खाल्लं आणि दुसरी मागितली. पलीकडं नेमबाज स्वप्निल कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ आणि राधानगरीकडची पोरं यावर दुसरी मैफल जमली होती. सासूबाई पैसे घेताना प्रत्येकाला “सुट्टं द्या, गप्पा फुकट हायत” म्हणत होत्या. कुणीतरी निवडणुकीचं काढलं तेव्हा त्यांनी त्याची प्लेट हातात धरून ठेवली. विषय बदलल्यावर दिली.

साडेआठला चिकन संपलं.

तर कोळशाचा स्टॉल लावणाऱ्यांना माझा सगळ्यात व्यावहारिक सल्ला हा : थांबलेल्या लोकांशी बोलायला एक माणूस नेमा, त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका, आणि तो जितका भाजकामात ढ असेल तितका बरा.

आवरताना निखाऱ्यांकडं नीट लक्ष द्या. वरून राख दिसते, आत रात्रभर विस्तव असतो. कचऱ्याच्या गाडीत किंवा मैदानाच्या कडेला ओतायचं नाही. आम्ही पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरून, पाणी मारून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परड्यात मोकळ्या जागी ठेवलं. मैदान स्वच्छ असल्याची सही मंडळाकडून घेतल्यावरच अनामत परत मिळते. आमची फेब्रुवारीच्या मध्यावर, एकदा आठवण केल्यावर आली.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी. भाडं, माल, कोळसा, पत्रावळ्या, सिलिंडर, नोंदणी असा सगळा खर्च १९,६५०. विक्री २३,४८०. राहिले ३,८३०. ग्रिलचे ५,६०० त्यातून वजा केले तर १,७७० खिशातून गेले. आमच्या यांनी हे कागदावर मांडून परड्यात वाचून दाखवलं, तेव्हा अण्णा म्हणाले, बॅरल राहिलंय की आपल्याकडं. त्यावर बॅरल नेमकं कुणाकडं राहणार हा वाद सुरू झाला, तो अजून चालू आहे. सध्या ते अण्णांच्या फौंड्रीच्या शेडमध्ये आहे, कारण आमच्याकडच्या पावसात उघड्यावर पत्रा टिकत नाही. ठेवायच्या आधी राख पूर्ण काढा, राख ओल धरते आणि तळाला गंज खाते; जाळी घासून तिला आणि बॅरलला आतून खाद्यतेलाचा हात द्या.

ज्यांना येत्या हंगामात स्टॉल लावायचाय त्यांनी नोंदणीचा अर्ज दिवाळीची वाट न बघता पावसाळ्यातच करून टाकावा. महोत्सव सगळे हिवाळ्यात येतात, आणि लाइट बिल कुणाच्या नावावर आहे ते आजच काढून बघा.